एका घरात दोन अहो

संध्याकाळी सव्वासहाला तिसऱ्या मजल्यावर समोरासमोरच्या दोन दारांच्या बेल वाजत. एक दातांच्या डॉक्टरांच्या दाराची, दुसरी आवकरावांच्या.

आवकराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका मोठ्या कचेरीत आवक-जावक विभागाचे ते हेडक्लार्क. आलेल्या कागदावर आवक क्रमांक, गेलेल्यावर जावक क्रमांक, आणि जो कागद धड आलेला नाही नि धड गेलेलाही नाही त्यावर स्वतः आवकराव, अशी तिथली व्यवस्था. बिल्डिंगनं त्यांचं नाव परस्पर ठेवलं आणि त्यांनी ते हरकत न घेता दाखल करून घेतलं.

तर डॉक्टरांची बेल वाजली की आतून एक भरदार ‘भो’ यायचा, फरशीवर नखं खरखरायची, डॉक्टरीणबाई दार उघडायच्या आणि मेजर नावाचा अल्सेशियन तोंडात डॉक्टरांची चप्पल धरून उभा असायचा. आधी डावी, मग उजवी. डॉक्टर वाकून त्याचं डोकं थोपटत म्हणायचे, “शाब्बास मेजर, शाब्बास!” आणि हे ते चार मजल्यांच्या जिन्याला पुरेल अशा आवाजात म्हणायचे.

आवकरावांची बेल वाजली की आत काहीच व्हायचं नाही. थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज यायचा, “अहो, किल्ली आहे ना तुमच्याकडे?” टीव्हीसमोर बसलेली आई म्हणायची, “बघा गं कुणीतरी, कोण आलंय ते.” मुलीच्या कानात गाण्याचं यंत्र, त्यामुळे तिच्यापुरती बेल वाजलेलीच नसायची. मग आवकराव आपल्याच घरात चोरासारखं कुलूप उघडून शिरायचे.

सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नव्हतं. मेजर आला आणि वाटायला लागलं. स्पष्टच सांगायचं तर आवकराव जळत होते. डॉक्टरांचा दवाखाना त्यांनी सोसला होता. डॉक्टरांची गाडी सोसली होती. पंचावन्नाव्या वर्षी डॉक्टरांच्या डोक्यावर असलेले केस, जे सोसणं सर्वांत अवघड, तेही त्यांनी सोसले होते. चप्पल मात्र सोसवेना. आपण दारात उभं राहावं आणि आतून कुणीतरी धावत यावं, एवढंच त्यांना हवं होतं. आता एवढीशी गोष्ट हेडक्लार्क माणूस तोंड उघडून मागू शकत नाही. म्हणून त्यांनी जाहीर केलं, “आपण कुत्रा घेतोय.”

“कुत्रा?” बायको म्हणाली. “अहो, कुंडीतली टवटवीत झाडं वाळवलीत तुम्ही.”

“जातिवंत. कागदपत्रांसकट.”

हे कागदपत्रांचं खूळही डॉक्टरांमुळेच. मेजरच्या तीन पिढ्यांचा तक्ता डॉक्टरांनी फ्रेम करून दिवाणखान्यात लावला होता. एकदा तो समजावून सांगताना ते सहज म्हणाले, “हे मेजरचे पणजोबा. पदकविजेते. तुमच्या पणजोबांचं नाव काय हो?” आवकरावांना आजोबांच्या पलीकडचं काही आठवेना. कुत्र्यासमोर त्यांची मान खाली गेली. मेजरनं मात्र त्याचं काही भांडवल केलं नाही, तो खानदानी होता.

बातमी फुटल्यावर सल्ल्यांना तोटा राहिला नाही. सोसायटीच्या सेक्रेटरींनी सांगितलं, “कुत्रा अवश्य घ्या, फक्त तो लिफ्टमध्ये, जिन्यात आणि आवारात दिसता कामा नये.” खालच्या निवृत्त शिक्षिकेचं मत पडलं की नर घेऊ नये, तो फिरतो, आणि मादीही घेऊ नये, तिच्याकडे फिरत येतात. डॉक्टर हसून म्हणाले, “घ्या की! पण वेळ द्यावा लागतो हं. आणि थोडा अधिकार लागतो आवाजात.” या ‘थोडा अधिकार’वर आवकराव दोन दिवस नीट जेवले नाहीत.

त्यांनी श्वानपालनावरची एक पुस्तिका मिळवली. निवड, निगा आणि शिस्त, पाने अठ्ठेचाळीस. ती त्यांनी एखाद्या शासकीय परिपत्रकासारखी वाचली, म्हणजे अर्थाकडे फार न जाता कलमांखाली लाल रेघा मारत. पुस्तिकेत होतं: पिल्लाची आई बघावी. कोपऱ्यात दडणारं पिल्लू घेऊ नये, सगळ्यांना तुडवत पुढे येणारंही नको, शांतपणे स्वतःहून जवळ येणारं घ्यावं. कुत्र्याची जात आपल्या घराला, वेळेला आणि पायांना झेपेल अशी असावी.

कुत्री विकणाऱ्या बाई गावाबाहेर राहत. त्यांच्या अंगणात बीगल जातीची पाच पिल्लं लोळत होती.

“बघा, खेळा त्यांच्याशी,” बाई म्हणाल्या.

“आधी फायली दाखवा,” आवकराव म्हणाले.

बाईंनी आयुष्यात बरीच गिऱ्हाइकं पाहिली होती, पण पिल्लांकडे पाठ करून पिल्लं निवडणारा हा पहिलाच. आवकरावांनी पाची फायली मांडीवर घेतल्या आणि जिच्यावर सर्वांत जास्त शिक्के होते ती बाजूला काढली. तेवढ्या वेळात चार पिल्लांना तुडवत पाचवं पुढे आलं आणि त्यानं खाली ठेवलेल्या पुस्तिकेचं अकरावं पान खाल्लं. फाईल त्याचीच होती. “एका पानानं काय बिघडतंय,” आवकराव म्हणाले. पानाचा मथळा होता ‘नाव आणि हाक’.

कागदावर पिल्लाचं नाव होतं ‘सर ऑर्लँडो ऑफ सिल्व्हरब्रुक’. त्याचे पणजोबा दोनदा पदकविजेते होते, मेजरच्या पणजोबांपेक्षा एकदा जास्त. त्या रात्री आवकराव पोटभर जेवले.

लायसन्स काढायला ते स्वतः गेले. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज पाहिला. “नावाला आठ चौकोन आहेत. आठात बसवा.”

“जोडाक्षराला एक चौकोन की दोन?”

प्रश्न इतका जातीचा होता की खिडकीपलीकडच्या माणसानं मान वर करून पाहिलं. आपल्यातलाच आहे, हे त्यानं ओळखलं. तो साहेबांना विचारायला गेला. साहेब रजेवर होते. गुरुवारी निर्णय झाला की जोडाक्षराला दोन आणि मात्रेला वेगळा. त्यामुळे आठ चौकोनांत ‘सर ऑर्लँ’ एवढंच मावलं. शिवाय लायसन्स छापताना रकाने सरकले. ‘मालक’ या रकान्यात आलं ‘सर ऑर्लँ’ आणि ‘प्राण्याचे नाव’ या रकान्यात आवकरावांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. त्यांनी दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला आणि अर्ध्यातच थांबवला. दुरुस्तीला किती महिने लागतात हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार!

आणि इथेच घोटाळ्याची मुहूर्तमेढ रोवली गेली. नावापुढे ‘सर’. आता ज्या माणसानं तीस वर्षं साहेबलोकांना ‘सर, बसा, सर, या’ केलं, त्याच्या तोंडून ‘सर, बस’ निघणार कसं? पहिल्याच दिवशी आवकराव बोट वर करून म्हणाले, “सर, बसा.”

मुलगी हसून हसून सोफ्यावरून खाली आली. आईनं मात्र मुलाचीच बाजू घेतली. “बरोबर आहे त्याचं. एवढ्या मोठ्या घराण्यातलं लेकरू, त्याला अरे-तुरे कसं करायचं?” झालं. घरात कुत्र्याशी अहो-जाहो सुरू झालं.

बायकोची आणखी वेगळी अडचण. तिनं जन्मात एकाच माणसाशी घरात अहो-जाहो केलेलं. तिच्या तोंडून ‘या’ म्हटलं की त्याच्या आधी आपोआप ‘अहो’ लागायचं. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलं नव्हतं, कुत्र्याचं तिला उच्चारता येत नव्हतं. त्यामुळे दोघांना एकच हाक लागू झाली. “अहो, या, जेवून घ्या.” “अहो, पाय पुसा आधी.” “अहो, ते सोडा बघू तोंडातलं.”

सर ऑर्लँडो महिनाभर दोन्ही हाका ऐकत राहिले आणि त्यांनी आपला निष्कर्ष काढला. ‘सर’ म्हटलं की कान साफ होतात. लोंबत्या कानांचा कुत्रा, कान आठवड्याला पुसावेत, कलम सतरा. ‘सर’ म्हटलं की नखं कापतात, जंताची गोळी घशात जाते, दहा मिनिटांचा धडा होतो, जो आवकराव चाळीस मिनिटं घेतात. आणि ‘अहो’ म्हटलं की जेवण मिळतं. तेव्हा आपलं नाव अहो. शिक्क्यांवर जाणारं कुत्रं नव्हतं ते.

मग व्हायचं असं की स्वयंपाकघरातून ‘अहो’ आलं की कुत्रा आणि आवकराव एकाच वेळी निघायचे आणि कुत्रा आधी पोचायचा. त्याला चार पाय होते. पाहुण्यांना ‘या, बसा’ म्हटलं की सर ऑर्लँडो आधी सोफ्यावर बसायचे आणि उठायचे नाहीत. पाहुणे उभ्यानं चहा पिऊन जायचे.

हेही आवकरावांनी सोसलं असतं. पण एका रविवारी दुपारी ते आतल्या खोलीत पडले होते आणि बाहेरून बायकोचा आवाज आला. कितीतरी वर्षांत न ऐकलेला, मऊ.

“अहो, दमलात का? या इकडे. पाठीवरून हात फिरवते.”

आवकराव बनियनवरच बाहेर धावले. बायको खाली बसली होती आणि तिच्या मांडीवर सर ऑर्लँडोंचं डोकं होतं.

“तुम्हाला नाही हो,” ती म्हणाली.

ते पाणी प्यायला आल्यासारखं करून माठापाशी गेले. तहान नव्हती, पण दोन पेले प्यायले. आजवर ते समोरच्या दाराकडे बघून जळत होते, आता घरातल्या घरात सोय झाली. आणि सव्वासहाचं काय? सव्वासहाला बेल वाजली की सर ऑर्लँडो ‘सर’ अशी हाक येण्याआधीच पलंगाखाली जाऊन बसायचे. धावत येणं दूरच, आता आवकराव आले की घरातून एक जण पळून जायला लागला होता. समोर मेजर चप्पल देत असायचा. आधी डावी, मग उजवी.

तशात श्वानप्रेमी मंडळाची स्पर्धा जाहीर झाली. शाळेच्या मैदानावर, रविवारी सकाळी. आज्ञापालन: कुत्र्याला बसवायचं, तीस पावलं दूर जायचं आणि हाक मारायची. हाकेपासून पोचेपर्यंतचा वेळ मोजणार.

“मेजर गेल्या वर्षी पहिला आला होता,” डॉक्टर लिफ्टमध्ये म्हणाले. “तुम्ही यंदा नुसतं बघायला या. हळूहळू होतं सगळं.”

आवकरावांनी त्याच संध्याकाळी प्रवेशअर्ज भरला, सोबत लायसन्सची प्रत जोडली. मंडळाच्या नोंदणीच्या टेबलावरच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी लायसन्स पाहिलं, आवकरावांकडे पाहिलं, पुन्हा लायसन्स पाहिलं आणि कागदावर जे होतं तेच रकान्यांत उतरवून घेतलं. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं.

रविवारी मैदान भरलं होतं. दोरीपलीकडे प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर कुटुंबंच्या कुटुंबं बसली होती. आवकरावांची आई टोपीबिपी घालून पुढच्या रांगेत, शेजारी सून आणि नात.

मेजरचा नंबर आधी लागला. डॉक्टर तीस पावलं गेले, “मेजर!” म्हणाले, आणि मेजर सरळ रेषेत येऊन त्यांच्या पायाशी बसला. सहा सेकंद. टाळ्या पडल्या. डॉक्टर परत जाताना हळूच म्हणाले, “तुमची ती पुस्तिका माझ्याकडेही आहे, सगळं अकराव्या पानावर आहे हो. हाक मारून कधी त्रास द्यायचा नाही. हाकेनंतर काहीतरी चांगलंच मिळालं पाहिजे. मग येतो.”

आवकरावांना अकरावं पान आठवलं. पण आता फार उशीर झाला होता. परीक्षकांनी खूण केली.

“सर, बसा,” आवकराव म्हणाले.

सर ऑर्लँडो चटकन बसले. दोरीजवळ उभे असलेले शाळेचे मुख्याध्यापकही बसले. लोक हसले. आवकरावांनी तिकडे लक्ष दिलं नाही, तीस पावलं मोजून चालले, वळले, आणि आवाजात होता नव्हता तेवढा अधिकार आणून ओरडले, “सर! या!”

सर ऑर्लँडोंनी गवतातला एक किडा हुंगला.

“सर! इकडे या!”

प्रेक्षकांतले दोघे-तिघे मुख्याध्यापकांकडे बघू लागले. इतक्यात तिसऱ्या रांगेतली एक बाई नवऱ्याला म्हणाली, “अहो, ती पाण्याची बाटली द्या इकडे.”

सर ऑर्लँडोंचे कान उभे राहिले, म्हणजे बीगलचे राहतात तेवढे. ते सुटले ते दोरीखालून थेट बाईंच्या मांडीवर. “अहो, काढा याला!” बाई किंचाळल्या. सर ऑर्लँडो आणखी वर चढले. पलीकडची घाबरून म्हणाली, “अहो, आपल्याकडे येतोय!” तो खरोखरच तिच्याकडे गेला. “अहो, धरा की!” “अहो, डबा उचला!” “अहो, नुसते बघताय काय!” जिकडून तिकडून अहो येत होतं आणि सर ऑर्लँडो एकाही हाकेला नाही म्हणत नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं त्यांना जेवायला बोलावत होती. तीन डबे सांडले, दोन खुर्च्या मोडल्या. शेवटी डॉक्टरीणबाई ओरडल्या, “अहो, मेजरला सांभाळा!” तेव्हा त्यांच्या पिशवीतली मेजरची बक्षिसाची बिस्किटंही संपली. मेजर मात्र जागचा हलला नाही. समोर आपली बिस्किटं कुणीतरी खातंय आणि आपण बसायचं, हे त्या प्राण्याला जमलं. ते बघूनसुद्धा आवकराव जळले.

मग ते हळूच मागे सरकले आणि मैदानाच्या कडेला पाण्याच्या टाकीआड जाऊन उभे राहिले. हातात रिकामा पट्टा. आता दुसरं घर बघायचं, दुसरी कचेरी बघायची, एवढाच मार्ग त्यांना दिसत होता.

इकडे बायकोला नवरा दिसेना. “अहो!” तिनं हाक मारली. सर ऑर्लँडो मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून येऊन तिच्या पायाशी हजर झाले. मुलीनं त्यांना ओढणीनं खुर्चीला बांधलं. “अहो!” बायकोनं पुन्हा हाक मारली. कुत्र्यानं तिच्याकडे बघितलं, आलोय की म्हणून. मैदानातल्या आठ-दहा नवऱ्यांनी वळून बघितलं. तिचा नवरा काही त्यांत नव्हता.

“अगं, गेला कुठे तो?” आई रडकुंडीला आली. “जिवाला लावून घेतो गं लहानपणापासून.”

बायको खुर्चीवर चढून उभी राहिली. सगळीकडे नजर टाकली. टाकीआडून पट्ट्याचं टोक तेवढं दिसत होतं. तिनं एकदा सासूकडे पाहिलं, मोठा श्वास घेतला आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा, भर मैदानात, नवऱ्याला त्याच्या नावानं हाक मारली.

नुसतं नाव. मागे-पुढे काही नाही.

आवकरावांना पुढे कितीदा विचारलं तरी आपण कसे निघालो हे सांगता आलं नाही. ते टाकीआडून सुटले, दोरीवरून उडी मारली, एक सँडल गवतात राहिली, दुसरीसकट मैदान कापत गेले आणि खुर्चीपाशी जाऊन धापा टाकत उभे राहिले. परीक्षकांचा अंगठा घड्याळावर होताच. हाक आली, कुणीतरी धावलं, अंगठा सवयीनं दाबला गेला.

“साडेपाच सेकंद,” ते म्हणाले.

टेबलावरच्या निवृत्त अधिकाऱ्यांनी वहीत नाव शोधलं. प्राण्याच्या रकान्यात ते स्वच्छ अक्षरांत होतंच. त्यांनी समोर वेळ लिहिली आणि वही परीक्षकांपुढे सरकवली. “कागदाप्रमाणे पहिला नंबर यांचा येतो.”

मैदान पोट धरून हसलं. एरवी आवकरावांनी प्राण सोडला असता. पण आत्ता त्यांना ते ऐकू येत नव्हतं. बायको अजून खुर्चीवरच उभी होती. “किती शोधलं मी,” ती म्हणाली. “असं न सांगता जातात का कुठे?” तिनं खाली उतरायला त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि उतरल्यावरही तो काढला नाही. सर ऑर्लँडो बांधलेल्या जागेवरून हे सगळं बघत होते, आणि या वेळी जळायची पाळी त्यांची होती.

चषक मेजरलाच मिळाला. आवकरावांना परीक्षकांनी एक प्रमाणपत्र दिलं: ‘उत्कृष्ट आज्ञापालनाबद्दल’. ते त्यांनी फ्रेम केलं.

सोमवारी सव्वासहाला तिसऱ्या मजल्यावर दोन बेल वाजल्या. डॉक्टरांचं दार उघडलं. मेजर डावी चप्पल घेऊन उभा होता. मागून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अहो, दार लावून घ्या पटकन, डास येतात.”

आवकरावांच्या घरात नेहमीप्रमाणे कुणी उठलं नाही. टीव्ही चालू होता. पलंगाखाली काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. आवकरावांनी खिशातून किल्ली काढली, आणि तेवढ्यात आतून त्यांचं नाव आलं. नाव, आणि पुढे, “आलात का? थांबा, उघडते.” अहो-जाहो काही सुटलं नव्हतं तिचं.

आवकरावांनी किल्ली परत खिशात टाकली. मागे काहीच हालचाल होईना म्हणून त्यांनी वळून पाहिलं. डॉक्टर आपल्याच उंबऱ्यात थबकले होते. मेजरच्या तोंडातली चप्पल तशीच लोंबत होती.

“कसं शिकवलंत हो?” डॉक्टरांनी खालच्या आवाजात विचारलं.

“वेळ द्यावा लागतो,” आवकराव म्हणाले. “सव्वीस वर्षं लागली.”

मग ते वाकून बुटाची नाडी सोडू लागले, अगदी सावकाश, म्हणजे तिला आणखी एकदा हाक मारावी लागेल.